हान्स ख्रिश्चन ग्रॅम : रंगाने जंतू ओळखणारा डॉक्टर

गेल्या वर्षी आज्जीला तापामुळे दवाखान्यात ठेवले होते. रक्ताच्या कल्चरचा रिपोर्ट माझ्या हाती आला. त्यात ‘ग्रॅम निगेटिव्ह’ असे शब्द होते. मी पडलो कॉमर्सचा विद्यार्थी! ग्रॅम म्हणजे वजन आणि निगेटिव्ह म्हणजे काहीच नाही, असे समजून मी आज्जीला आनंदाने तसे सांगितलेही. डॉक्टरांनी कन्नडमध्ये समजावले, तेव्हा माझा चेहरा उतरला. रक्तात जंतू होते आणि ग्रॅम हे एका माणसाचे नाव होते! आज्जी बरी होऊन घरी आली. मग मी त्या माणसाची माहिती शोधली.

हान्स ख्रिश्चन ग्रॅम यांचा जन्म १३ सप्टेंबर १८५३ रोजी डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे झाला. आधी वनस्पतिशास्त्र शिकून ते वैद्यकाकडे वळले व १८७८ मध्ये डॉक्टर झाले. पुढे बर्लिनमध्ये ते कार्ल फ्रीडलेंडर यांच्याबरोबर न्यूमोनियाने दगावलेल्या रोग्यांच्या फुफ्फुसांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. रंग दिला की जंतू आणि पेशी दोन्ही रंगत. जंतू वेगळे दिसत नसत. ग्रॅम यांनी आधी जेन्शियन व्हायोलेट, मग आयोडीनचे द्रावण वापरले व शेवटी काप अल्कोहोलने धुतला. पेशींचा रंग गेला, जंतू जांभळेच राहिले.

परंतु विषमज्वराच्या जंतूंचा रंगही धुऊन गेला. १८८४ मध्ये पद्धत प्रसिद्ध करताना ग्रॅम यांनी ही उणीव लपवली नाही. आपली पद्धत अपुरी आहे, हे त्यांनी स्वतःच मान्य केले.

पुढे ही उणीवच उपयोगी ठरली. जाड भित्तिकेचे जंतू जांभळा रंग धरून ठेवतात, ते ग्रॅम पॉझिटिव्ह. पातळ भित्तिकेचे तो सोडतात आणि नंतर दिलेला लाल रंग घेतात, ते ग्रॅम निगेटिव्ह. आजही कल्चरच्या बाटलीत जंतू वाढले की त्यातला थेंब काचपट्टीवर घेऊन असाच रंगवतात. जंतूचे नेमके नाव कळण्याआधीच औषधाची दिशा ठरते. आज्जीचे औषधही तसेच ठरले होते.

ग्रॅम १८९१ मध्ये कोपनहेगनला औषधशास्त्राचे आणि १९०० मध्ये वैद्यकाचे प्राध्यापक झाले. १९२३ मध्ये ते निवृत्त झाले. १४ नोव्हेंबर १९३८ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी ते निवर्तले.

जमेबरोबर नावेची बाजूही खरी लिहावी, असे आम्हाला हिशेबाच्या तासाला शिकवतात. ग्रॅम यांनी आपल्या शोधाचा हिशेब तसाच मांडला. त्यांनी नावे टाकलेली रक्कम आज माझ्या आज्जीच्या खात्यावर जमा आहे.