श्रीगुरु हैबतबाबा : दशमीपासून उलटं मोजणारा वारकरी

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून हा अंक निघतोय. मंडळींनी मला सांगितलं की तुम्ही हैबतबाबांचं चरित्र लिहा. माझं शिक्षण चौथी. कीर्तनात उभा राहिलो की बोलायला अडत नाही, पण कागदावर हात थरथरतो. तरी बाबांचं नाव आलं म्हणून नाही म्हणवलं नाही. शिवाय त्यांचा माझ्यावर एक जुना दंड राहिलेला आहे, तो पुढं सांगतो.

हैबतबाबा मूळचे हैबतराव पवार. गाव आरफळ, सातारा तालुका, कृष्णाकाठ. म्हणून आरफळकर. माणूस शिपाईगडी. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. घोडं, तलवार, हाताखाली माणसं, सगळं पाहिलेलं. आपण त्यांना टाळ-वीण्यातच पाहतो, पण त्यांची पहिली अर्धी जिंदगी छावणीत गेली हे विसरू नये. मला तर वाटतं, ती छावणी झाली नसती तर आजची वारी अशी झाली नसती.

चाकरी पुरी करून बाबा उत्तरेतून गावाकडं निघाले. जवळ कमाई होती, सोबत माणसं होती. सातपुड्याच्या रानात भिल्लांनी गाठलं, सगळं काढून घेतलं आणि त्यांना कोंडून ठेवलं. पुढची हकीकत आपण कीर्तनातून ऐकतो ती अशी : बाबांनी कोंडलेल्या जागी माऊलींचा हरिपाठ धरला. अन्नपाण्याची शुद्ध नाही, रात्रंदिवस तेवढंच. असे एकवीस दिवस गेले. तेवढ्यात त्या नायकाच्या घरी, जिथं मूल नव्हतं तिथं, मुलगा झाला. नायकाला वाटलं की या माणसाच्या नामाचाच हा गुण. त्यानं बाबांना सोडलं, लुटलेलं परत दिलं आणि वाटेला लावलं. परंपरेनं आलेली गोष्ट आहे, तशीच सांगितली.

एवढं खरं की बाबा आरफळला जाऊन संसाराला लागले नाहीत. आळंदीला आले आणि तिथलेच झाले. माऊलींच्या समाधीपुढं रात्र रात्र भजन करायचे. जीव वाचला तो ज्याच्यामुळं, त्याच्याच दारात राहायचं, असा साधा हिशेब.

आता पालखीचं. वारी फार जुनी, माऊलींच्याही आधीची. पण पालखीचा सोहळा सुरू केला तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराजांनी, १६८५ साली. देहूहून तुकोबांच्या पादुका घ्यायच्या, आळंदीला यायचं, माऊलींच्या पादुका त्याच पालखीत ठेवायच्या आणि पंढरीला न्यायच्या. दोन्ही संत एका पालखीत. असं खूप वर्षं चाललं. पुढं मानपानावरून, हक्कावरून कुरबुरी झाल्या. कोण बरोबर कोण चूक यात मी पडत नाही. बाबांनीही त्यात वेळ घालवला नाही. त्यांनी १८३२ च्या सुमारास माऊलींची पालखी स्वतंत्र काढली.

काढली म्हणायला सोपं आहे. जरा त्या काळात जाऊन बघा. पुण्यात कंपनी सरकार बसलेलं. नीरा ओलांडली की साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा मुलूख. पुढं फलटणला निंबाळकर. आज आपल्याला कळतसुद्धा नाही, पण तेव्हा एका वाटेवर धनी बदलायचे. डांबरी रस्ता नाही, टँकर नाही, नीरेचे कालवे नाहीत. फलटणच्या पुढं माळशिरसापर्यंतचा मुलूख तेव्हा कोरडा ठणठणीत, पाऊस आला तर आला. त्यात शेकड्यांनी माणसं न्यायची, म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, आणि ठरल्या दिवशी पंढरीत उभी करायची. बाबांजवळ पैसा नव्हता. अंकलीचे शितोळे सरदार मदतीला आले. त्यांनी घोडे दिले, राहुट्या-तंबू दिले, नैवेद्याची सोय लावली. अंकली बेळगाव भागात, आज कर्नाटकात. तिथून अजून दरसाल माऊलींचे अश्व आळंदीपर्यंत चालत येतात. वासकरांसारखे फडकरी भजनाची ताकद घेऊन आले. बाबांनी ही सगळी माणसं एका दोरीत ओवली.

त्यांची खरी करामत माझ्या मते वेळेत आहे. वाटेला निघणारा माणूस निघायच्या दिवसापासून पुढं मोजतो. बाबांनी पोचायच्या दिवसापासून मागं मोजलं असणार. फौजेत असंच असतं, अमुक दिवशी अमुक ठिकाणी तळ पडलाच पाहिजे, मग त्याआधीचा तळ कुठं, त्याच्याआधीचा कुठं. आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पाऊल पडलं पाहिजे, हे हलत नाही. तिथून मागं मागं येत ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून प्रस्थान. मधे कोसांचा, पाण्याचा, तिथीचा असा तिन्हीचा मेळ.

बघा कसा तो. अष्टमीला प्रस्थान होतं, पण त्या दिवशी पालखी लांब जात नाही, आळंदीतच आजोळघरी मुक्काम. माणसं गोळा व्हायला, मागं राहिलेला गाठायला एक रात्र मिळते. नवमीला पुणे, दशमी पुण्यातच. शिधासामान भरायचं ते तिथं. एकादशीला दिवेघाट चढून सासवड, वाटेतला सगळ्यात लांबचा टप्पा, आणि तोही उपवासाचा. पहिल्यांदा येणारा म्हणतो, उपवासाच्या दिवशीच घाट कशाला ठेवला? मला तर उलटं वाटतं, हलक्या पोटी घाट बरा चढतो आणि त्या दिवशी दिंडीत कुणाला दुपारची चूल मांडायची नसते. द्वादशीला सासवडीतच राहायचं, कारण त्या दिवशी सोपानकाकांची पालखी निघते, धाकट्या भावाला वाटेला लावल्याशिवाय माऊली कशा निघतील. मग जेजुरी, वाल्हे, नीरेचं स्नान आणि अमावास्येच्या आसपास लोणंद.

लोणंद नीट ध्यानात ठेवा. तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. एखाद्या साली पंधरवडा तेरा-चौदा दिवसांचा, एखाद्या साली सोळांचा. दशमी तर हलवायची नाही. मग हे कमीजास्त कुठं मुरवायचं? ते बहुतेक लोणंदच्या मुक्कामात मुरतं. कधी तिथं एकच रात्र, कधी जास्त. शेतकऱ्याला हे पटकन कळेल, पाण्याच्या पाटाला जसा एक सांडवा ठेवतो तसं.

आणि ज्येष्ठ वद्य अष्टमी म्हणजे मृग लागून गेलेला असतो. पाऊस वेळेवर असला तर बी मातीत पडलेलं असतं, खुरपणीला अवकाश असतो. कुणब्याला घर सोडता येतं ते याच पंधरा-वीस दिवसांत.

दिवसाची वेळही बाबांनी अशीच बांधून दिली. पहिला कर्णा वाजला की पथारी गुंडाळायची, दुसऱ्याला आपापल्या दिंडीत उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. कुणाची वाट बघायची नाही. दिंड्यांना क्रम लावून दिले, रथापुढच्या आणि रथामागच्या. आज रथापुढं सत्तावीस आहेत. वाटेत कुठल्या वेळी कुठले अभंग हेही ठरवून दिलं, म्हणून घड्याळ नसलेल्या म्हातारीलाही भजनावरून कळतं की विसावा किती लांब राहिला. संध्याकाळी तळावर समाजआरती. दिवसभरात सापडलेल्या आणि हरवलेल्या वस्तू तिथं पुकारतात. चोपदारानं दंड वर केला की सगळा तळ गप्प. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिनं तेवढा टाळ वाजवत राहायचं, चोपदार जाऊन ऐकून येतो. लाखाच्या समुदायात ओरडल्याशिवाय गाऱ्हाणं मांडायची असली रीत मी दुसरीकडं पाहिली नाही. आमच्या ग्रामसभेत तरी नाही.

आता माझा दंड. मी तिशीत होतो. दिंडीच्या मुक्कामाची जबाबदारी पहिल्यांदाच माझ्याकडं आली. वैशाखात मी गावोगाव फिरून जागा, पंगती ठरवून आलो. छापील वेळापत्रक मिळालं होतं, ते मी घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं. मागच्या साली लोणंदला दोन रात्री होत्या, म्हणून यंदाही दोन, असा माझा शहाणपणा. त्या साली तिथीचा क्षय होता आणि लोणंदला एकच रात्र. तरडगावला ज्या घरी आमची पंगत असते त्यांना मी एक दिवस उशिराची तारीख देऊन बसलो होतो. चांदोबाच्या लिंबाचं रिंगण बघून आम्ही दीडशे माणसं त्यांच्या दारात उभी राहिलो, तर घरधनी पीठ दळून आणायला गेलेला, चूल थंड. त्या माणसानं हात जोडले, चूक त्याची नव्हतीच. रात्री लाह्या आणि पाणी पिऊन मंडळी पावसात ताडपत्रीखाली बसली.

आमच्या गावच्या एक आजी होत्या. चाळीसेक वर्षं पायी वारी, एकदाही गाडीला शिवल्या नव्हत्या. आदल्या दिवशीही त्यांनी नीट खाल्लेलं नव्हतं. सकाळी फलटणच्या वाटेला त्या भोवळ येऊन पडल्या. त्यांना सामानाच्या टेंपोत बसवावं लागलं आणि तिथून पंढरीपर्यंत त्या टेंपोतच आल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत. पंढरीत चंद्रभागेला उतरताना त्यांनी माझा हात धरला, तेवढंच. पुढच्या वर्षी त्या वारीला आल्या नाहीत, अंथरुणाला होत्या. त्यांची पायी वारी मी मोडली, पोथीपुराण वाचून ते पुसलं जात नाही.

फलटणच्या तळावर आमच्या वीणेकरी बुवांनी मला जवळ बसवलं. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी पंचांग काढलं आणि बोट दशमीवर ठेवून मागं मागं यायला लावलं, मुक्काम म्हणत म्हणत, आळंदीपर्यंत. चुकलो की पुन्हा दशमीपासून. हे हैबतबाबांचं मोजणं आहे एवढंच त्यांनी सांगितलं. तेव्हापासून मला बाबा नुसते तसबिरीतले राहिले नाहीत.

बाबांची समाधी आळंदीला महाद्वारात पायरीशी आहे. कार्तिकात माऊलींच्या समाधीचा सोहळा सुरू होतो तो या पायरीच्या पूजेनं, कार्तिक वद्य अष्टमीला. ज्येष्ठातही अष्टमी आणि कार्तिकातही अष्टमी. माऊलींकडं जाणारा प्रत्येकजण आधी तिथं हात लावतो. पुष्कळांना हेही ठाऊक नसतं की खाली कोण आहे. सोहळ्याचं मालकपण आजही आरफळकर पवारांच्या घराण्यात आहे.

आता दिंडीत पोरं मोबाईलवर मुक्काम बघतात. चांगलं आहे. काहीजण मोटारसायकलवर नुसत्या रिंगणाला येतात आणि संध्याकाळी घरी जातात, त्यांना कर्णा कधी ऐकू येणार, असो. मी अजून पाडव्याला नवं पंचांग आणतो, देवापुढं ठेवतो आणि दुपारी ओसरीवर बसून दशमीवर बोट ठेवतो. अधिक महिना आहे का ते आधी बघतो. मग वाखरी, भंडीशेगाव, वेळापूर, माळशिरस, नातेपुते, बरड, फलटण. तरडगावला आलो की तारीख दोनदा मोजतो आणि त्या घरी स्वतः जाऊन सांगून येतो. आता तिथं नातू कारभार बघतो. त्यानं फोन नंबर दिलाय, तरी मी जातोच.