अडा लव्हलेस

ऑगस्टा अडा किंग, लव्हलेसच्या काउंटेस (१० डिसेंबर, १८१५ - २७ नोव्हेंबर, १८५२) या इंग्रज गणितज्ञ होत्या. चार्ल्स बॅबेज यांच्या विश्लेषक यंत्रासाठी १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणांमुळे त्यांना जगातील पहिल्या संगणक आज्ञावलीकारांपैकी एक मानले जाते. सुरक्षेला प्राधान्य देणाऱ्या 'अडा' या संगणकभाषेला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

बालपण व शिक्षण

अडा यांचा जन्म लंडन येथे झाला. त्या कवी लॉर्ड बायरन व ॲन इझाबेला मिलबँक यांच्या कन्या होत. जानेवारी १८१६ मध्ये आई महिन्याभराच्या अडाला घेऊन माहेरी गेली. बायरन यांनी त्याच वर्षी इंग्लंड सोडले आणि १८२४ मध्ये ग्रीसमध्ये त्यांचे निधन झाले. पित्याचा चंचल स्वभाव मुलीत उतरू नये, या हेतूने आईने तिला गणिताचे शिक्षण दिले. १८२९ मध्ये गोवरानंतर अडा यांना दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहावे लागले. पुढे त्या कुबड्यांच्या आधाराने चालू लागल्या. मदुराई येथे जन्मलेले गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन हे त्यांचे एक शिक्षक होते.

१८३५ मध्ये त्यांचा विवाह विल्यम किंग यांच्याशी झाला. पतीला १८३८ मध्ये लव्हलेसचे अर्ल हा किताब मिळाला. या दांपत्याला तीन अपत्ये झाली.

विश्लेषक यंत्र

जून १८३३ मध्ये अडा यांची बॅबेज यांच्याशी ओळख झाली. बॅबेज यांच्या विश्लेषक यंत्रावर लुइजी मेनाब्रेआ यांनी १८४२ मध्ये लिहिलेल्या फ्रेंच लेखाचा अडा यांनी इंग्रजी अनुवाद केला व त्याला सात टिपणे जोडली. ही टिपणे मूळ लेखाच्या सुमारे तिप्पट लांबीची आहेत. अंकांखेरीज संगीतातील स्वरांसारख्या गोष्टींवरही हे यंत्र क्रिया करू शकेल, असे त्यांनी त्यांत मांडले. मात्र यंत्र स्वतःहून काही निर्माण करत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. ॲलन ट्यूरिंग यांनी १९५० मध्ये या मताची चर्चा केली.

सातव्या टिपणात बर्नोली संख्या काढण्याच्या पायऱ्यांचा तक्ता आहे. त्याच्या छापील प्रतीत चौथ्या पायरीवर भाज्य व भाजक यांची अदलाबदल झालेली आहे. यंत्र कधीच पूर्ण न झाल्यामुळे हा तक्ता त्यांच्या हयातीत चालवून पाहता आला नाही. या कामातील अडा व बॅबेज यांच्या वाट्याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत.

अखेरचा काळ

उत्तरायुष्यात घोड्यांच्या शर्यतींतील जुगारामुळे त्या कर्जबाजारी झाल्या. गर्भाशयाच्या कर्करोगाने वयाच्या ३६व्या वर्षी त्यांचे निधन झाले. हकनॉल येथील चर्चमध्ये वडिलांशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

अडा भाषा

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात एम्बेडेड प्रणालींसाठी, म्हणजे यंत्रांतच बसवलेल्या संगणकांसाठी, शेकडो भाषा वापरात होत्या. त्यांच्या जागी एक भाषा निवडण्यासाठी स्पर्धा झाली. १९७९ मध्ये ज्याँ इशबिया यांच्या गटाचा आराखडा निवडला गेला व भाषेला अडा हे नाव मिळाले. तिच्या लष्करी मानकाचा क्रमांक १८१५ हा अडा यांच्या जन्मवर्षावरून घेतला आहे. चलांच्या प्रकारांची सरमिसळ रोखणे आणि किंमत मर्यादेबाहेर गेल्यास ती पकडणे, ही या भाषेची वैशिष्ट्ये आहेत. तरीही ४ जून १९९६ रोजी एरियान-५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. अडा भाषेतील आज्ञावलीत एका मोठ्या संख्येचे १६ बिटांत रूपांतर होताना मर्यादा ओलांडली गेली. त्या ठिकाणचे संरक्षण जाणीवपूर्वक वगळण्यात आले होते.

मोटारींच्या ब्रेक व इंजिन नियंत्रकांत मात्र सी भाषा रूढ झाली. सी भाषा स्वतः ॲरेच्या सीमा तपासत नाही. त्यामुळे भलत्याच जागी लिखाण होऊन चूक दडून राहू शकते. तिच्या सुरक्षित वापरासाठी १९९८ मध्ये मिस्रा नियम प्रसिद्ध झाले. २०११ च्या आयएसओ २६२६२ या मानकातही काटेकोर प्रकारबंधन व भाषेचा मर्यादित वापर यांची शिफारस आहे. अलीकडे अडाची स्पार्क ही उपभाषा व रस्ट यांचाही या कामासाठी विचार होतो. महाराष्ट्रात पुणे हे वाहनांच्या आज्ञावली-निर्मितीचे प्रमुख केंद्र आहे.

स्मरण

२००९ पासून विज्ञान-तंत्रज्ञानातील स्त्रियांच्या कार्याच्या गौरवासाठी अडा लव्हलेस दिन पाळला जातो. तो आता ऑक्टोबरच्या दुसऱ्या मंगळवारी असतो.