गोलंदाज पळवणकर बाळू यांचे अल्पचरित्र

आपल्या शिरूर अनंतपाळच्या परिसरात सुगी आटोपून राने मोकळी झाली की मुलांचे क्रिकेट सुरू होते. कोणाजवळ सुताराकडून करून घेतलेली फळी असते, कोणाजवळ रबरी चेंडू असतो, आणि यष्ट्यांचे काम तुराट्यांवर भागते. इतक्या तुटपुंज्या साधनांवर वाढलेल्या मुलास मोठा खेळाडू होता येईल काय, अशी शंका मुलांच्या व त्यांच्या पालकांच्याही मनात येणे साहजिक आहे. या शंकेचे उत्तर ज्याच्या आयुष्यात मिळते, त्या पुरुषाचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. त्याचबरोबर त्यात दुसराही एक प्रश्न आहे. त्याचे उत्तर मात्र खेळाडूने द्यावयाचे नसून त्याच्या सोबत्यांनी द्यावयाचे असते.

बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चांभार कुटुंबात झाला. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे बाळपण पुण्यात गेले. लष्करी अधिकारी टाकून देत ती जुनी फळी व झिजलेले चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम हा खेळ शिकले. पुढे गणपत व विठ्ठल हे बंधूही याच खेळात नावारूपास आले. घरची स्थिती बेताची असल्याने शाळा लवकर सुटली आणि पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याची व रूळ फिरविण्याची चाकरी बाळूंनी पत्करली. पगार दरमहा तीन रुपये होता. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपयांवर गेले. तेथे रूळ ओढणे, जाळी उभारणे, रेषा आखणे ही कामे करीत असता सरावासाठी चेंडू टाकण्याची संधी त्यांना मिळू लागली.

डाव्या हाताने संथ, पण फसवे वळण घेणारा चेंडू टाकण्यात हा तरुण लवकरच निष्णात झाला. कॅप्टन ग्रेग हे त्या काळचे नामांकित फलंदाज. ते इतरांच्या आधी तासभर मैदानावर येत आणि बाळूंकडून चेंडू टाकवून घेत. त्यांना एकदा बाद केले की बाळूंस आठ आणे बक्षीस मिळे, असे सांगतात. अशा रीतीने साहेबाचा सराव झाला आणि त्याच्याच खर्चाने बाळूंची विद्या पक्की झाली. मात्र शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या या नोकराच्या हाती फलंदाजीसाठी फळी कोणी दिली नाही. जो तो आपापल्या जागी, असा तो काळ होता.

बाळूंची कीर्ती शहरात पसरली तेव्हा पुण्यातील हिंदू क्रिकेटपटूंपुढे पेच उभा राहिला. युरोपियनांस हरवावयाचे तर बाळू हवेत, आणि बाळूंना घ्यावे तर शिवाशिवीचा नियम मोडतो. बराच वाद होऊन त्यांना संघात घेण्यात आले. पण केवढी विसंगती पाहा! मैदानावर तोच चामड्याचा चेंडू सर्वांच्या हातून फिरे, तेव्हा त्याचा विटाळ कोणास होत नसे. चहाची वेळ झाली की इतरांस आत चिनीमातीच्या पेल्यांतून चहा मिळे, आणि ज्याने गडी बाद केले त्यास बाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवणाचे पानही निराळे मांडले जाई. ज्याच्यासह खेळता त्याच्यासह खाण्यापिण्यास प्रत्यवाय कोणता, असे न्यायमूर्ती रानडे यांनी पुढे जाहीरपणे विचारले, असे सांगतात. रानड्यांसारख्या माणसास हा प्रश्न करावा लागला, यावरून त्या काळच्या समाजाची स्थिती ध्यानात येते.

१८९६ च्या सुमारास बाळू मुंबईस आले. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात प्रवेश मिळण्यासही विरोध झाला, तथापि गुणांपुढे तो टिकला नाही. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत त्यांना नोकरी मिळाली. आठवडाभर नोकरी व सवडीने क्रिकेट असा क्रम सुरू झाला. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांचा शंभरांहून अधिक धावांनी पराभव केला. त्या संघात बाळू व शिवराम हे दोघेही होते. राज्यकर्त्यांस त्यांच्याच खेळात हरविता येते, हा आत्मविश्वास त्या विजयाने देशात अनेकांस दिला.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. तरुण महाराज भेटीगाठींत गुंतलेले असत, त्यामुळे बहुतेक सामन्यांस ते नव्हते. संघ अनेक सामने हरला. पस्तिशीला आलेल्या बाळूंनी मात्र खांदा दुखत असताही दौऱ्यात एकूण ११४ बळी घेतले. लेस्टरशायरवरील विजयात दोन्ही डाव मिळून ११ बळी त्यांचे होते. मुंबईस परतल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र रचणारा तरुण विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर होय.

इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. १९१३ साली कर्णधार एम. डी. पै यांनी आपल्याच सत्कारप्रसंगी, हा मान बाळूंचा होता, असे मोकळेपणाने सांगितले. या मनाच्या थोरवीबद्दल पै यांचेही नाव आदराने घ्यावे असे आम्हांस वाटते. पुढे १९२० साली बाळूंना संघातूनच वगळले, तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून खेळण्यास नकार दिला. हा बाणेदारपणा निष्फळ ठरला नाही. पारशांविरुद्धच्या सामन्यात बाळू उपकर्णधार झाले, आणि पै स्वतः काही काळ मैदानाबाहेर राहिल्याने संघाचे नेतृत्व त्यांच्या हाती आले. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हे हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी संघाने युरोपियनांस नमविले. थोरल्या भावाला नाकारलेला मान धाकट्यास मिळाला.

प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत बाळूंनी १७९ बळी घेतले. उत्तर वयात ते राजकारणात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी पराभूत झाले. एकेकाळी मानपत्र लिहिणारा व ते स्वीकारणारा असे दोघे समोरासमोर आले. मार्ग भिन्न होते, परंतु दोघांनीही ज्या समाजाची उन्नती इच्छिली तो एकच होता. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

विद्यार्थीमित्रहो, टाकाऊ चेंडूवर शिकून मोठे होता येते, हे या चरित्रावरून दिसून येते. परंतु प्रत्येक गुणी मुलास तेवढे धैर्य असेलच असे नाही, आणि असावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? म्हणून दुसऱ्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. आपल्या मैदानावर जो चांगला खेळतो, त्यास आपण डबा उघडताना शेजारी बसवितो काय? संघनायक निवडताना त्याचे आडनाव विचारतो की खेळ पाहतो? पालकांनीही घरी आपल्या मुलास हे अवश्य विचारावे. बाळूंच्या सोबत्यांस योग्य उत्तर सापडण्यास पाव शतक लागले; आपणांस तेवढा अवधी लागू नये, इतकीच आमची इच्छा आहे.