पंडिता रमाबाई

मी सातवी शिकलेली बाई, लिहिण्याची सवय नाही. पण रमाबाईंचे नाव निघाले म्हणजे माझ्याने राहवत नाही.

दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. १८८० साली भाऊ, १८८२ साली नवरा. पदरी मनोरमा, तिला वर्षही झाले नव्हते. पुढे त्या विलायतेस गेल्या. वैद्यकी शिकायची होती, पण कान अधू, ते राहिले. तेथेच १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला. आपले लोक रागावलेच, पण तिकडच्या पाद्र्यांचेही सगळेच काही त्या ऐकून घेत नसत. मला हे फार आवडते.

१८९३ साली पुण्याच्या शारदा सदनातून पालकांनी मुली काढून नेल्या. आपल्याशी चार माणसे बोलेनाशी झाली तरी आपण रडतो. त्यांनी केडगावी मुक्ती सदन उभे केले आणि १८९६ पासूनच्या दुष्काळांत शेकडो मुली तेथे आणून जगवल्या.

उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवायला घेतले. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याही सदनातल्याच बायका. काम संपत आले आणि जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, आईचा उजवा हात. मी असते तर देवाशी अबोला धरला असता. रमाबाई पुन्हा कागद घेऊन बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. सबंध बायबल छापून निघाले ते १९२४ साली.