पादचाऱ्यांचे कैवारी लेस्ली होर-बेलिशा

ब्रिटनमध्ये १९३४ या एका वर्षात रस्ते अपघातांत ७,३४३ जण मृत्युमुखी पडले आणि दोन लाख ३१ हजारांहून अधिक जखमी झाले. त्या वेळी देशातील वाहनांची संख्या सुमारे २४ लाखच होती. त्याच वर्षी जूनअखेरीस परिवहन मंत्रालयाची सूत्रे ४० वर्षांच्या लेस्ली होर-बेलिशा यांच्या हाती आली. जेमतेम तीन वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी घेतलेल्या निर्णयांची छाप ब्रिटनच्या रस्त्यांवर कायम राहिली.

लंडनमध्ये ७ सप्टेंबर १८९३ रोजी एका ज्यू कुटुंबात बेलिशा यांचा जन्म झाला. ते तान्हे असतानाच पितृछत्र हरपले. आईने पुढे सर अॅडेअर होर यांच्याशी विवाह केला आणि सावत्र वडिलांचे नाव त्यांच्या नावाला जोडले गेले. पहिल्या महायुद्धात ते सैन्यात मेजर होते. ऑक्सफर्डमधील वक्तृत्व, पत्रकारिता आणि वकिली असा प्रवास करून १९२३ मध्ये ते डेव्हनपोर्टमधून संसदेत पोहोचले.

ते मंत्री झाले तेव्हा गाडी चालविता येते की नाही, हे तपासण्याची कोणतीही सार्वत्रिक व्यवस्था नव्हती. १९०३ पासून परवाना आवश्यक होता; पण अर्ज आणि शुल्क भरले की तो मिळत असे. त्यातच मोटारींवरील वेगमर्यादा १९३० च्या कायद्याने उठविण्यात आली होती. सूत्रे स्वीकारल्यानंतर काही दिवसांतच लंडनच्या कॅम्डेन भागात रस्ता ओलांडताना खुद्द मंत्रिमहोदय भरधाव मोटारीखाली येता येता वाचले.

पादचाऱ्यांना रस्ता ओलांडण्यासाठी राखीव जागा होत्या, पण त्या चालकांच्या नजरेत भरत नसत. बेलिशा यांनी तेथे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे खांब आणि त्यांवर नारिंगी गोळे बसविले. मुलांनी दगड मारून अनेक गोळे फोडले, वृत्तपत्रांनी टिंगल केली. पण ‘बेलिशा बीकन’ हे नाव रूढ झाले.

मार्च १९३५ पासून दाट वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरची वेगमर्यादा लागू झाली. १ जून १९३५ पासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. तेव्हा परीक्षा केंद्रेच नव्हती. परीक्षक उमेदवारांना रेल्वे स्थानकाजवळ किंवा उद्यानापाशी भेटत असत. शिकाऊ चालकाच्या गाडीवर लाल ‘एल’ अक्षराची पाटी आली. भारतीय वाहनचालकांनाही ती चांगलीच परिचित आहे. वाहतुकीचे नियम सोप्या भाषेत सांगणाऱ्या ‘हायवे कोड’ची सुधारित आवृत्तीही निघाली.

मोटारमालकांच्या संघटनांना हा व्यक्तिस्वातंत्र्यावरील घाला वाटला. बेलिशा प्रसिद्धीच्या मागे असल्याचा आरोपही झाला. त्यांना प्रसिद्धीची हौस होती हे खरेच. पण ती त्यांनी लोकशिक्षणासाठी वापरली. १९३५ मध्ये मृतांची संख्या ६,५०२ वर आली. एका वर्षात आठशेहून अधिक जीव वाचले, याचे सारे श्रेय एका उपायाला देता येणार नाही. मात्र वेगावरील नियंत्रण, चालकाचे शिक्षण आणि पादचाऱ्यासाठी ठळक खूण यांचा एकत्रित विचार प्रथमच झाला होता.

१९३७ मध्ये ते युद्धमंत्री झाले. सेनाधिकाऱ्यांशी मतभेद आणि ज्यूविरोधी पूर्वग्रह यांमुळे जानेवारी १९४० मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले. युद्धकाळात चालक परीक्षा स्थगित झाल्या, रस्ते अंधारात बुडाले आणि १९४१ मध्ये अपघाती मृत्यूंचा आकडा ९,१६९ वर गेला. ब्रिटनच्या इतिहासातील तो उच्चांक ठरला. परीक्षा १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाल्या.

१९५४ मध्ये त्यांना उमरावपद मिळाले. १६ फेब्रुवारी १९५७ रोजी फ्रान्समधील रीम्स येथे भाषण करीत असताना ते कोसळले आणि त्यांचे निधन झाले. अपत्य नसल्याने उमरावपद त्यांच्याबरोबरच संपुष्टात आले. झेब्रा क्रॉसिंगवर उघडझाप करणारे नारिंगी दिवे मात्र ब्रिटनमध्ये आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात.