भिंतीचा ताण मोजणारा डॉक्टर

थॉमस यंग हे नाव बहुतेकांना भौतिकशास्त्राच्या पुस्तकात भेटते आणि तिथेच राहते. पदार्थ ताणला की किती लांबतो, हे सांगणारा ‘यंगचा गुणांक’ त्यांच्याच नावाने ओळखला जातो. प्रत्यक्षात यंग पेशाने डॉक्टर होते. मधुमेहावरील संशोधनात वापरल्या जाणाऱ्या, आत द्रव असलेल्या अल्जिनेटच्या सूक्ष्म कॅप्सूलची मजबुती तपासताना आजही त्यांचाच विचार कामी येतो.

यंग यांचा जन्म १३ जून १७७३ रोजी इंग्लंडमधील मिल्व्हर्टन गावी, क्वेकर पंथाच्या कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते थोरले. दुसऱ्या वर्षीच वाचू लागलेल्या या मुलाने पुढे अनेक भाषा आत्मसात केल्या. लंडन, एडिंबरा आणि जर्मनीतील गटिंगन येथे ते वैद्यक शिकले. डोळ्यावरील निबंधानंतर, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

लंडनमध्ये त्यांनी दवाखाना थाटला, पण तो कधी फारसा बहरला नाही. डॉक्टरांचे लक्ष भलतीकडेच आहे असे रुग्णांना वाटू नये, म्हणून वैद्यकाबाहेरचे बरेच लेखन ते निनावी छापत. १८०५ मध्ये द्रवाच्या पृष्ठताणावरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. फ्रान्समध्ये लाप्लास यांनी याच विषयाला गणिती रूप दिले. १८०७ मध्ये छापलेल्या व्याख्यानांत यंग यांनी स्थितिस्थापकतेचे माप मांडले. १८०८ मध्ये त्यांनी हृदय आणि धमन्यांवर व्याख्यान दिले. नाडीची लाट किती वेगाने धावते, हे धमनीच्या भिंतीच्या लवचिकतेवर ठरते, असे त्यांनी दाखवले.

यंग आणि लाप्लास यांच्या नावाचा नियम सोपा आहे. आतला दाब तेवढाच असताना गोलाची त्रिज्या दुप्पट झाली, तर भिंतीवरचा ताणही दुप्पट होतो. फुगलेली धमनी फुटण्याचा धोका वाढतो, तो यामुळेच.

अल्जिनेटच्या कॅप्सूललाही हाच नियम लागू पडतो. अल्जिनेट समुद्रशेवाळापासून मिळते. कॅल्शियम मिळताच त्याची जेली बनते. १९८० मध्ये लिम आणि सन या संशोधकांनी इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी अशा जेलीच्या थेंबांत ठेवल्या, थेंबांवर पातळ आवरण चढवले आणि आतली जेली पुन्हा पातळ केली. मधुमेह असलेल्या उंदरांची साखर त्यामुळे दोन ते तीन आठवडे आटोक्यात राहिली. आवरणातून साखर आणि इन्सुलिन ये-जा करू शकतात, पण शरीराच्या संरक्षक पेशींना आत शिरता येत नाही. आवरण फाटले तर हे संरक्षण संपते.

म्हणून कॅप्सूल दोन सपाट पट्ट्यांमध्ये दाबून पाहतात. भरीव गोळी दाबली तर सगळी जेली भार वाटून घेते. आत द्रव असेल तर तो दबत नाही, नुसता बाजूला सरकतो. कॅप्सूल कडेने फुगते आणि भिंत ताणली जाते. किती जोर लावल्यावर किती दबली, यावरून भिंतीची लवचिकता कळते. भिंत जाड केली तर ती टिकते, पण पोषकद्रव्ये आतपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. आकार लहान ठेवला तर ताण कमी राहतो. शरीरातील सोडियम हळूहळू कॅल्शियमची जागा घेते, जेली सैल पडते आणि कॅप्सूल पाणी शोषून फुगू लागते. त्यामुळे पहिल्या दिवशीची मजबुती पुरेशी नसते. काही आठवड्यांनंतरची तपासावी लागते.

१८११ पासून अखेरपर्यंत यंग लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात डॉक्टर होते. १० मे १८२९ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांची महाधमनी कठीण झालेली आढळली. धमनीच्या लवचिकतेचे महत्त्व ज्यांनी जगाला दाखवले, त्यांच्याच धमनीने लवचिकता गमावली होती.