कृषिविद्येचे उपासक : डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे

आमच्या शेंदूरजनाघाटच्या शिवारात संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका ज्याने पाहिली नाही असा विद्यार्थी विरळा. जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधणारे कुशल हात आपण नित्य पाहतो. परंतु हे काम म्हणजे पदवी घेऊन शिकण्याजोगे शास्त्र आहे, हे सहसा आपल्या मनात येत नाही. मुलगा शिकला म्हणजे त्याने कचेरीत बसावे, बैल व नांगर यांच्याकडे वळून पाहू नये, अशीच पुष्कळ पालकांची इच्छा असते. म्हणून शेजारच्या वर्ध्यास जन्मलेल्या एका थोर पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात देण्याचे आम्ही योजिले आहे.

पांडुरंगरावांच्या बालपणीच मध्यप्रांत व वऱ्हाडावर १८९६-९७ व १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ कोसळले. पुढे लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने त्यांनी स्वदेश सोडला व जपानमार्गे ते अमेरिकेस पोहोचले. लष्करी विद्या संपादून देश स्वतंत्र करावा, हा त्यांचा मुख्य हेतु होता, व त्यासाठी कॅलिफोर्नियातील एका लष्करी शाळेत त्यांनी शिक्षणही घेतले. तथापि त्याबरोबरच त्यांनी कृषिविद्येची कास धरली. प्रथम ऑरेगॉन व नंतर वॉशिंग्टन या संस्थानांतील कॉलेजांत त्यांनी तिचे अध्ययन केले. परमुलुखात आधार कोणाचा? मिळेल ती मजुरी करावी आणि शिकावे, असा त्यांचा क्रम होता.

१९१३ साली अमेरिकेत गदर पक्ष स्थापन झाला, त्याच्या संस्थापकांत पांडुरंगराव होते. पहिल्या महायुद्धात ते इराणमध्ये इंग्रजांविरुद्ध लढले. तो बेत सिद्धीस गेला नाही, आणि मायदेशाची वाटही बंद झाली. अनेक वर्षांच्या भटकंतीनंतर १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत आले. तेथे त्यांना तारिले ते तलवारीने नव्हे, तर मजुरी करून मिळविलेल्या विद्येने. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते अध्यापक झाले. मका व गहू यांच्या सुधारित जातींवर त्यांनी परिश्रम केले, आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालविल्या. मेक्सिकोचा थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा याने तेथील शिक्षणखात्याच्या भिंतीवर जी चित्रे काढिली, त्यांत भाकरी वाटून घेणाऱ्या मंडळींमध्ये आमच्या या वैदर्भीयाची मूर्ति आहे!

देश स्वतंत्र झाल्यावर ते परतले व नागपुरास राहिले. १९६७ साली तेथेच त्यांचे देहावसान झाले.

या चरित्रातील एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. ज्या विद्येला त्यांच्या आयुष्यात दुसरे स्थान होते, तीच अखेर परक्या भुकेल्यांच्या मुखी घास घालण्यास कामी आली. विद्यार्थिमित्रहो, पांडुरंगरावांस ज्यासाठी सातासमुद्रापलीकडे जावे लागले, ते शिक्षण आज आपल्या दाराशी आहे. नागपुरास १९५८ साली पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले, व अकोल्यास १९६९ साली डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे कृषि विद्यापीठ स्थापन झाले. आणि पालकांस आमची एवढीच विनंती की, आपल्या मुलाने वा मुलीने गुरांचे रोग किंवा बियाण्यांचे गुण शिकण्याची इच्छा दर्शविली, तर शिकून शेवटी गोठ्यातच जाणार काय, असे म्हणून त्यांचा हिरमोड करू नये. त्या गोठ्यावर व त्या शेतावरच आपणा सर्वांचे जीवित अवलंबून आहे.